काकांचा जुना फ्लॅश, फुकटचा डी४० आणि दुकानदाराचा १५००डी: काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. काकांनी माळ्यावरून काढून विविटार २८३ हा जुना फ्लॅश दिलाय, चुलतभावाचा निकॉन डी४० कॅमेरा किट लेन्ससकट (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी लेन्स) पडून आहे तो फुकट मिळतोय, आणि कॅम्पातला एक दुकानदार म्हणतोय की हे सगळं भंगारात घाला, कॅनन १५००डी कॅमेरा घ्या नि वर एक नवीन फ्लॅश घ्या. बहिणीचं लग्न डिसेंबरात, त्याला फोटोग्राफर ठरलेला आहे, तुम्हाला फक्त केळवण, मेंदी, हळद असले घरातले फोटो काढायचेत. आणि भीती ही की काकांचा फ्लॅश लावला आणि कॅमेरा जळाला तर?

मी पुण्यात पंचवीसेक वर्षं लग्नं-मुंजी करतोय, रोलच्या जमान्यात सुरुवात केली, त्यामुळे ही जुनी नळकांडी सगळी हातातून गेलीत. सरळ सांगतो, "जुनं की नवं" हा प्रश्नच जरा चुकीचा पडतो. फ्लॅशमधून निघणारा उजेड १९८० सालचा असो नाहीतर आजचा, भिंतीवर पडल्यावर तो सारखाच. फरक आहे तो फ्लॅशच्या बुडाशी, तिथे जे धातूचे ठिपके असतात ना, ते कॅमेऱ्याशी काय बोलतात आणि किती व्होल्ट घेऊन बोलतात, यात सगळं आलं. म्हणून आधी बूड बघा, मग मॉडेल.

आधी व्होल्टचं उरकू, कारण पैसे तिथे जळतात. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात फ्लॅश उडवायला आत साधा यांत्रिक स्विच असायचा, दोन पत्र्या एकमेकींना टेकल्या की फ्लॅश पेटला, त्यामुळे फ्लॅशवाल्यांनी त्या जोडणीवर दोनशे-अडीचशे व्होल्ट ठेवले तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. डिजिटलमध्ये तेच काम एक इलेक्ट्रॉनिक स्विच करतो आणि त्याला इतका दाब झेपेलच असं नाही. विविटार २८३ हा या बाबतीत बदनाम आहे, पण सरसकट नाही. जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या नगांवर २०० च्या वर व्होल्ट निघतात, नंतर कोरिया-चीनमध्ये बनलेल्यांवर बहुतेक वेळा १० च्या आसपास. एकच नाव, एकच डबा, आणि आत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे कोणी "माझा २८३ दहा वर्षं चालतोय" म्हणाला तर तो त्याच्या नगाबद्दल बोलतोय, तुमच्या नाही.

मोजायचं कसं ते सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. तापकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, तो घ्या. फ्लॅशमध्ये चार ताजे पेन्सिल सेल टाका, चालू करा, मागचा रेडीचा दिवा लागू द्या आणि लागल्यावरही अर्धा मिनिट थांबा. मीटर डीसीवर आणि मोठ्या रेंजवर, म्हणजे ६०० किंवा १००० व्होल्टवर ठेवा. लाल टोक फ्लॅशच्या बुडाच्या मधल्या ठिपक्याला, काळं टोक बुडाची जी धातूची पट्टी शू च्या (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) कडेला घासते तिला. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका, लागली तर फ्लॅश उडेल, मोठं काही नाही पण डोळ्यासमोर धरला असेल तर पुढची दहा मिनिटं काही दिसणार नाही. आकडा आला की लिहून ठेवा, वजा चिन्ह दिसलं तर तेही लिहा, कारण उलटा व्होल्टेज हा वेगळा धोका आहे.

आता त्या आकड्याचा अर्थ. निकॉनच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की २५० व्होल्टच्या वर किंवा उलटा व्होल्टेज शू वर देऊ नका. म्हणजे २५० च्या आत असेल तर डी४० ला कागदोपत्री चालतंय. कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल बॉड्यांना (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), ३००डी वगैरे, ६ व्होल्टचीच मर्यादा सांगितली जायची, नंतरच्या बऱ्याच बॉड्यांना २५० ची. आयएसओ १०३३० म्हणून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात २४ व्होल्टचा आकडा आहे. माझा स्वतःचा नियम मात्र कडक आहे, २४ च्या आत असेल तर कॅमेऱ्यावर चढवायचा, त्याच्या वर असेल तर फ्लॅश चांगलाच पण तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचा. कारण? २००५-०६ च्या सुमाराला कसब्यात एका मुंजीला मी जुन्या बाजारातून उचललेला एक बिननावाचा फ्लॅश न मोजता डिजिटलवर चढवला. मातृभोजनापर्यंत मस्त चालला, भिक्षावळीला बसला. नंतर कळलं की फ्लॅश ठणठणीत होता, कॅमेऱ्याचा शू मेला होता, आणि त्या बॉडीवर पुन्हा कुठलाच फ्लॅश उडाला नाही. बटू भिक्षा मागतोय आणि मी खिडकीजवळ उजेड शोधत फिरतोय, असं ते चित्र होतं.

दुसरी गोष्ट दुकानदाराने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नात हीच सगळ्यात मोठी आहे. कॅनन १५००डी च्या शू मध्ये मधला ठिपकाच नाहीये. खरंच. दुकानात गेलात तर शू वरचं झाकण असेल तर काढा आणि आत बघा, पूर्वीपासून जवळजवळ सगळ्या कंपन्यांमध्ये सारखा असलेला तो मधला मोठा गोल ठिपका कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या बॉड्यांवरून काढून टाकला, फक्त कॅननचे स्वतःचे छोटे ठिपके ठेवले. जुने जवळजवळ सगळे फ्लॅश आणि स्वस्तातले बहुतेक मॅन्युअल फ्लॅश हे त्या मधल्या ठिपक्यावरच उडतात. म्हणजे काकांचा २८३ तुम्ही १५००डी वर चढवलात तर कॅमेरा जळणार नाही, फ्लॅशच उडणार नाही, नुसता शोभेला बसेल. गोडॉक्स टीटी६०० सारखा एकाच पिनचा नवाकोरा फ्लॅश घेतलात तरी तीच गत. तिथे कॅननची भाषा बोलणारा टीटीएल (ज्याची ताकद कॅमेरा स्वतः उजेड मोजून ठरवतो असा) फ्लॅशच लागतो, आणि तो घेतानाही त्या दुकानात, तुमच्याच बॉडीवर लावून, दोन फोटो काढून मगच पैसे द्यायचे. बजेटमध्ये बसणारा म्हणून १५००डी घेतला आणि मग फ्लॅश महाग पडला अशी दोन-तीन पोरं माझ्याकडे येऊन गेलीत. म्हणजे गंमत बघा, भंगारात घालायला सांगितलेला डी४० काकांचा फ्लॅश घेईल आणि नवाकोरा १५००डी तो घेणार नाही.

मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घ्यायचा विचार मनात आला तर तिथेही बूड बघाच. कॅननच्या आर५० ला नवीन पद्धतीचा शू आहे, जुने कॅनन फ्लॅश लावायचे तर वेगळा अडॅप्टर लागतो. निकॉन झेड३० ला पॉप-अप (कॅमेऱ्यातूनच वर येणारा) फ्लॅशच नाही, फक्त शू आहे. जुने सोनी अल्फा कोणी फुकट देत असेल तर त्यांचा शू मिनोल्टाकडून आलेला वेगळ्याच आकाराचा, २०१२ पर्यंत तोच होता, त्यात काकांचा फ्लॅश सरकणारसुद्धा नाही.

बरं, उडाला फ्लॅश, पण "ऑटो" चालेल का? इथे लोकांचा गोंधळ होतो कारण ऑटो दोन प्रकारचं. रोलच्या कॅमेऱ्यात टीटीएल म्हणजे फोटो निघत असतानाच फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड कॅमेरा आतून मोजायचा आणि पुरे झाला की फ्लॅश तोडायचा. डिजिटल सेन्सरवर काच असते, तो फिल्मसारखा उजेड परतवत नाही, म्हणून ती पद्धत मोडीत निघाली आणि आधी एक बारीक प्री-फ्लॅश मारून मोजायचं सुरू झालं. कॅननने ते १९९५ मध्येच ई-टीटीएल म्हणून आणलं होतं, निकॉनने डिजिटलसाठी १९९९ मध्ये डी-टीटीएल आणि २००३ मध्ये आय-टीटीएल. म्हणून रोलच्या जमान्यातला निकॉनचा एसबी-२८ किंवा कॅननचा ५४०ईझेड फ्लॅश कोणी "ओरिजिनल आहे, टीटीएल आहे" म्हणून विकत असेल तर तुमच्या डिजिटलवर ते टीटीएल नाहीये, बाकीचं आहे.

पण २८३ चं ऑटो वेगळं आहे. त्याच्या छातीवर एक डोळा आहे, तो समोरच्या माणसावरून परतलेला उजेड स्वतःच बघतो आणि स्वतःच फ्लॅश तोडतो, कॅमेऱ्याला विचारतच नाही. त्यामुळे कॅमेरा कुठल्या कंपनीचा, कुठल्या सालचा, याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. डायलवर आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ४०० लावा, जो रंग एफ/५.६ (लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा मोठा तेवढं भोक लहान) दाखवेल तो निवडा, कॅमेरा मॅन्युअलवर टाकून तिथेही ४०० आणि ५.६ ठेवा, झालं. चांगल्या दिवशी हे ऑटो नव्या टीटीएलच्या तोडीस तोड चालतं, काळा कोट किंवा पांढरी नऊवारी फ्रेमभर आली की चुकतं, पण तिथे नवीन टीटीएलही चुकतंच. आणि प्री-फ्लॅश नसल्यामुळे लोकांचे डोळे मिटलेले कमी येतात, आमच्या एका आत्याबाईंचा प्रत्येक टीटीएल फोटो डोळे मिटलेला असायचा, जुन्या फ्लॅशने पहिल्यांदा उघडे आले. वजाबाजू ही की २८३ च्या मॅन्युअलमध्ये ताकद कमी-जास्त होत नाही, पूर्णच उडतो (त्याला वेगळा एक भाग मिळायचा, आता कुठे शोधणार). विविटारचाच २८५एचव्ही असता तर अर्धी, पाव, एक सोळांश असं करता आलं असतं.

आता उजेड. फ्लॅश समोरून तोंडावर मारायचा नाही एवढं एक जरी पाळलंत तरी निम्मे फोटो सुधारतील. २८३ चं डोकं वर होतं, बाजूला वळत नाही, आणि डोकं वर केलं तरी डोळा समोरच बघत राहतो, म्हणून छतावरून बाउन्स केला, म्हणजे उजेड छतावर आपटवून खाली आणला, तरी ऑटो बरोबर चालतं. हिशोब करून दाखवतो. याचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा, अंतराने भागला की एफ नंबर येतो) आयएसओ १०० ला मीटरमध्ये ३६ च्या आसपास, ४०० ला दुप्पट म्हणजे ७२. फ्लॅशपासून छत आणि छतापासून माणूस असं अंतर धरा साडेचार मीटर. ७२ भागिले ४.५ म्हणजे एफ/१६, छत उजेड पितं आणि पसरवतं म्हणून दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) सोडून द्या, राहिला एफ/८. तुम्हाला हवाय ५.६, म्हणजे अर्ध्या ताकदीत काम होतंय आणि उरलेला चार्ज पुढच्या फोटोला शिल्लक. फ्लॅटचं पांढरं छत असेल तर ही चैन आहे. ताकदीच्या बाबतीत नवीन फ्लॅश काही चार पट पुढे गेलेले नाहीत, डब्यावरचे मोठे गाइड नंबर बरेचदा १०५ एमएम झूमला, म्हणजे उजेड अरुंद झोतात गोळा करून, मोजलेले असतात, ते वाचून हुरळू नका.

तुमचं घर कुठे आहे ते लिहिलं नाहीत, आणि यावर बरंच अवलंबून आहे. कोथरूड-सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये केळवण असेल तर वर सांगितलं तसं. पण शनिवार-सदाशिवातला जुना वाडा असेल, वर काळपट सागवानी तुळया, तर छत सगळा उजेड गिळतं आणि जो काही परत देतं तो तांबूस. मेंदीला मांडव घातला असेल गुलाबी कापडाचा, तर बाउन्स केलात की सगळ्या बायका गुलाबी. तिथे मी काय करतो, लग्नपत्रिकेची मागची कोरी पांढरी बाजू फ्लॅशच्या डोक्यामागे रबरबँडने लावतो, दोन बोटं वर निघालेली, आणि माणसांच्या दोन-अडीच मीटर जवळ जातो. पत्रिका त्या दिवसांत घरात ढिगाने असतात, तीनशे-चारशे रुपयांचा प्लॅस्टिकचा डिफ्युजर घ्यायची गरज नाही.

लग्नाच्या दिवशी तुम्ही फोटोग्राफरच्या मधे येणार नाही असं धरून चालतो, तरी अंतरपाट दूर होताना प्रत्येकाचा हात शिवशिवतोच म्हणून सांगतो. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट बाजूला झाला, माळा वर गेल्या आणि चारी बाजूंनी अक्षता आल्या, हा सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा. समोरून थेट फ्लॅश मारलात तर लेन्सच्या जवळून उडणाऱ्या अक्षतांवर सगळ्यात जास्त उजेड पडतो आणि नवरीच्या चेहऱ्यासमोर पांढरे लाडू दिसतात. आणि जुना फ्लॅश पूर्ण ताकदीने एकदा उडाला की साध्या सेलवर परत तयार व्हायला आठ-दहा सेकंद घेतो, तोवर वाजंत्री संपलेली असते. बाउन्स केलेला, ऑटोवर कमी ताकदीत उडणारा फ्लॅश तेवढ्यात दोन-तीनदा तरी उडतो. रेडीचा दिवा लागल्या लागल्या दाबू नका, एक श्वास थांबा, दिवा लागतो तेव्हा तो पूर्ण भरलेला नसतो.

सेलवरून आठवलं. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला फ्लॅश लगेच कामाला लावू नका. आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) वापराविना सुस्तावतो. सेल टाका, चालू करा, पहिला चार्ज मिनिट-दोन मिनिटं घेईल, कदाचित शिट्टीसारखा आवाज येईल, तसाच पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि मग मिनिटा-मिनिटाच्या अंतराने दहा-बारा वेळा पूर्ण ताकदीने उडवा. हळूहळू वेळ कमी होत गेला तर जीव आहे, होत नसेल तर नमस्कार करून शोकेसमध्ये ठेवा. सेलच्या खणात पांढरी बुरशी असेल तर ती गळलेल्या अल्कलाइन सेलची, कानातल्या काडीवर दोन थेंब लिंबू नाहीतर व्हिनेगर, मग स्पिरिटने पुसायचं. पण स्क्रू खोलून आत हात घालायचा नाही, आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ राहतात. सेल चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, १.२ व्होल्टचे दिसतात पण फ्लॅशला करंट भसाभस देतात आणि साध्या सेलपेक्षा लवकर भरून काढतात.

आता कॅमेरा. डी४० बद्दल मला जरा प्रेम आहे हे आधीच कबूल करतो. २००६ च्या अखेरीचा, ६ मेगापिक्सेल, तीनच फोकस पॉइंट, व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) नाही. आयएसओ १६०० ला फोटो वाळूसारखा होतो, मी ८०० च्या वर जात नाही. १५००डी २४ मेगापिक्सेल, नऊ पॉइंट, अंधारात सरळ सरस, यात वादच नाही. पण एक गोष्ट अशी की डी४० फ्लॅशबरोबर १/५०० सेकंदाच्या शटरपर्यंत चालतो, १५००डी १/२०० पर्यंत. भर दुपारी अंगणात हळद लागतेय, वरून ऊन, डोळ्यांखाली काळ्या सावल्या, तिथे फ्लॅशने सावल्या भरायच्या तर हा सव्वा स्टॉपचा फरक हातात जाणवतो. नवीन फ्लॅश हायस्पीड सिंकने १/१००० च्या वरही जातात, पण ताकद खूप खातात आणि कॅमेऱ्यालाही ते यावं लागतं. निकॉनच्या डी३५०० सारख्या नवशिक्यांसाठीच्या बॉड्यांना ते येत नाही, हे विकताना कोणी सांगत नाही.

डी४० घेतलात तर दोन बारक्या गोष्टी. कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं घेऊ नका, ६४ चं तो ओळखणार नाही. आणि त्याच्यात फोकसची मोटर नाही, पुढे जुनी स्वस्त ५० एमएम लेन्स दिसली म्हणून उचललीत तर फोकस हाताने करावा लागेल.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? व्हिडिओ हवाय का ते आधी ठरवलं असतं. हवा असेल तर डी४० बाद, मग कुठला का होईना नवा किंवा कमी वापरलेला कॅमेरा घ्या, फक्त शू मध्ये मधला ठिपका आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून. फक्त फोटो हवे असतील तर डिसेंबरपर्यंत डी४० आणि २८३, खर्च काय तो मीटर नि सेलचा. व्होल्टेज जास्त निघालं तर २८३ कपाटावर छताकडे तोंड करून ठेवायचा, त्याला ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की हा उडवणारा छोटा डोळा, लावायचा (जास्त व्होल्ट झेपणारा बघून घ्या) आणि कॅमेऱ्याच्या पॉप-अपने तो उडवायचा. पॉप-अप मेनूत जाऊन मॅन्युअलवर, अगदी कमी ताकदीवर टाकायला विसरू नका, टीटीएलवर राहिला तर प्री-फ्लॅशलाच २८३ उडून जाईल आणि फोटोत काळोख येईल. खरं सांगायचं तर खोलीच्या कोपऱ्यातून आलेला तो उजेड कॅमेऱ्यावर बसवलेल्या महागड्या फ्लॅशपेक्षा बरा दिसतो.

आणि लग्नानंतर आवड टिकली तर पैसे आधी फ्लॅशवर घाला, बॉडीवर नंतर. निकॉनकडेच राहायचं ठरलं तर गोडॉक्सचा निकॉनवाला टीटीएल, रेडिओ आतच असलेला. तोच पुढे नव्या निकॉनवरही चढेल. सेकंडहँड बॉडीत डी९० चांगल्या अवस्थेत मिळाला तर बघा, २००८ चा आहे पण त्याचा पॉप-अप निकॉनच्या आय-टीटीएल फ्लॅशना दुरून हुकूम सोडतो आणि फोकसची मोटरही आत आहे. फक्त निकॉनच्या नव्या एएफ-पी जातीच्या किट लेन्स त्याच्यावर फोकस करत नाहीत, त्यामुळे डी४० ची लेन्स जपून ठेवा.

आधी रविवारी मीटर आणा, मोजा, आणि आकडा इथे लिहा. फ्लॅशच्या बुडावर कुठे बनलाय ते छापलेलं असेल तेही लिहा, आणि वाडा की फ्लॅट तेही, मग छताचं बोलू.